मंग काय झाला?

“डिमेलो गेला बे.”

फोनवर लाखांदूरचा आवाज बसका येत होता. २५ ऑक्टोबर २०२५, शनिवार. भाऊबीज होऊन दोनच दिवस झाले होते, बहीण अजून माहेरीच होती आणि आसगावात मंडईची लगबग चालली होती. नाटकाच्या मांडवाच्या बल्ल्या ठोकल्याचा आवाज आमच्या अंगणापर्यंत येत होता. माझा उतरलेला चेहरा पाहून मायनं विचारलं, “कोन गेला गा?” नट सतीश शहा म्हटलं असतं तर तिला काहीच कळलं नसतं. मी म्हणालो, “आजीचा डिमेलो.” तिच्या हातातलं सूप थांबलं. “अगा माय! तो द्रौपदीचा लुगडा नेसलेला?”

मायनं ‘जाने भी दो यारों’ आजवर पाहिलेला नाही. आजीनं तर नाहीच नाही, आणि तिला जाऊनही आता नऊ वर्षं झाली. तरी तो सिनेमा आमच्या घरात सोळा वर्षांपासून नांदतो आहे. तो इथे पडद्यावरून आला नाही. महाराष्ट्र एक्स्प्रेसमधून, एका मित्राच्या तोंडून आला.

पुण्यात शिकायला असताना आम्ही चौघं होतो. लाखांदूर, साकोली, तुमसर आणि मी आसगाव. खरी नावं होतीच, पण पुण्यात भंडारा जिल्हा कुठे आहे हे दर वेळी समजावून सांगावं लागायचं, त्यामुळे एकमेकांना गावाच्या नावानं हाक मारण्यात आम्हाला मोठा आधार वाटायचा. तुमसर मुलगी होती. तिलाही आम्ही तुमसरच म्हणायचो. दिवाळीला चौघांचं तिकीट एकत्र काढायचं आणि महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या स्लीपर डब्यात एकाच खणात बसायचं, हे ठरलेलं. ही गाडी कोल्हापूरहून निघते आणि तेराशेहून जास्त किलोमीटर तोडून गोंदियाला पोचते, राज्याची हद्द कुठेही न ओलांडता. पुण्याला रात्री बसायचं, मनमाड झोपेत जायचं, भुसावळला चहा, बडनेऱ्याला ऊन डोक्यावर आणि संध्याकाळच्या सुमारास वरठी. स्टेशनच्या पाटीवर भंडारा रोड असं लिहिलेलं आहे, पण आमच्याकडे घरी कळवताना सगळे ‘वरठीला उतरतो’ असंच सांगतात.

या प्रवासाचा नियम तुमसरनं घातला होता. चिवडा-चकल्या घरून येताना आणायच्या. घरी जाताना प्रत्येकानं अशी एक गोष्ट आणायची जिच्यावाचून या वर्षी आपलं अडलं असतं. सिनेमा, गाणं, पुस्तक, काहीही. आणि ती नुसती पुढे करायची नाही, ती का आणली हे सांगायचं. साकोलीचं सिनेमा शिकणाऱ्या मुलांत उठणं-बसणं होतं, त्यानं ‘कल्ट’ हा शब्द आणला. तो म्हणायचा, जो सिनेमा आला तेव्हा फारसा कुणी पाहिला नाही, पण ज्यांनी पाहिला ते दुसऱ्याला दाखवल्याशिवाय राहू शकले नाहीत, तो कल्ट. मला त्या व्याख्येतला दुसरा भाग फार आवडला होता. राहवत नाही म्हणून दाखवणं. आपल्याकडे या गोष्टीला वेगळा शब्द नाही, कारण गावात ती रोजचीच आहे. चांगली भाजी झाली की शेजारी वाटी जाते.

२००९ च्या दिवाळीत लाखांदूरनं कुणाकडून तरी जुना लॅपटॉप मागून आणला होता आणि सोबत ‘जाने भी दो यारों’च्या दोन व्हीसीडी. १९८३ चा सिनेमा, म्हणजे आमच्या जन्माच्याही आधीचा. कुंदन शाह यांनी एनएफडीसीच्या थोडक्या पैशांत काढलेला. विनोद आणि सुधीर हे दोन भाबडे फोटोग्राफर, पैसेवाले बिल्डर, सतीश शहांनी रंगवलेला लाच खाणारा कमिशनर डिमेलो, त्याचा खून आणि मग त्याचं पेटीतून पळत सुटलेलं प्रेत. अकोल्यानंतर आम्ही लॅपटॉप मधल्या बाकावर ठेवला. स्पीकरला कान लावावा लागत होता. समोरच्या बाकावरचं नागपूरचं कुटुंबही हळूहळू सरकत आमच्याकडे आलं. बडनेरा गेलं. नशेत तर्र झालेला ओम पुरी शवपेटीला बंद पडलेली मोटार समजून आतल्या डिमेलोशी गप्पा मारतो, तो प्रसंग आला. आम्ही हसून हसून वाकलो होतो आणि पडदा काळा झाला. बॅटरी गेली. आमच्या डब्यात चार्जिंगची सोय नव्हती.

सगळ्यांत आधी नागपूरच्या काकूच म्हणाल्या, “अगं बाई, मग काय झालं?”

लाखांदूरनं आधी पाहिलेला होता. तो उठला. वरच्या बर्थला एक हात, दुसरा हात मोकळा. त्यानं सांगायला सुरुवात केली आणि वर्धा येईपर्यंत तो बसला नाही. डिमेलोचं प्रेत घेऊन दोघं पळतात, मागून सगळी टोळी, आणि पळता पळता ते एका नाटकाच्या रंगमंचावर घुसतात. महाभारताचा प्रयोग चालू आहे, वस्त्रहरणाचा प्रवेश. प्रेतालाच द्रौपदीचं लुगडं नेसवलेलं. भीम कोण, दुर्योधन कोण, कुणाचा कुणाला पत्ता नाही. ज्याला त्याला द्रौपदी आपल्याकडे ओढायची आहे. लाखांदूर धृतराष्ट्र व्हायचा, लगेच दुःशासन व्हायचा, मान टाकून डिमेलो व्हायचा. चहावाला किटली घेऊन थांबून राहिला. आणि मग लाखांदूर म्हणाला, “एवढ्यात पब्लिकमधून आला वन्समोर! आता वन्समोर आला म्हणजे काय करतील बिचारे? साराच्या सारा वस्त्रहरण पुन्हा पयल्यापासून!”

मला तो क्षण आजही जसाच्या तसा दिसतो. खिडकीतून पऱ्हाटीची शेतं मागे पळताहेत, बाकावर पाय वर घेऊन बसलेल्या त्या काकू डोळे पुसताहेत आणि मधोमध उभा लाखांदूर, घामेजलेला. शेवटही त्यानंच सांगितला. कैद्याच्या कपड्यांत दोघं मित्र गर्दीतून चालत येतात आणि आपल्याकडे बघून गळ्यावरून बोट फिरवतात. सांगताना त्यानंही तसं केलं. डबा गप्प झाला.

वरठीला उतरून भंडारा, भंडाऱ्याहून एसटीनं पहेला, अड्याळ, पवनी आणि तिथून आसगाव. घरी पोचेपर्यंत रात्र व्हायची. आजी जागी असायची. पाया पडलो की तिचा प्रश्न ठरलेला: “काय आनलास गा पुन्यावरून?” तिला वस्तू नको असायची. तिला गोष्ट लागायची. दिवाळीला ती ‘दिवारी’ म्हणायची, डोळ्यांना ‘डोरे’. आमच्या झाडीबोलीत ‘ळ’ राहत नाही, त्याचा ‘र’ होतो. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा आणि आमच्या दंडारीचा जन्मभर अभ्यास केला, तेव्हा कुठे आम्हा पोरांना कळलं की घरात बोलतो ती भाषा पुण्यात दडवून ठेवायची गोष्ट नाही.

त्या रात्री मी आजीला डिमेलोची गोष्ट सांगितली. आमच्या चौरास पट्ट्यातलं धान कापणीला आलेलं असतं त्या दिवसांत. हवेत थोडा गारवा आणि लोंब्यांचा वास. मी खाटेवर, ती खाली पोत्यावर गुडघे पोटाशी घेऊन. मला धास्ती होती. बिल्डर, टेंडर, उड्डाणपूल, वर्तमानपत्र हे तिला कसं समजावणार? पण पूल कोसळला म्हटल्याबरोबर ती म्हणाली, “रेती कमी टाकली असन.” कमिशनर म्हटल्यावर म्हणाली, “म्हंजे सायब.” मी जरा थांबलो की तिचं लगेच, “मंग काय झाला?” आणि नाटकाचा प्रवेश आला तसं मला उमगलं की इथून पुढे मला काहीच समजावून सांगायचं नाही. उलट तिलाच माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

पुण्या-मुंबईच्या माणसाला त्या प्रसंगातली गंमत कळते ती महाभारताचा विचका झाला म्हणून. आजीला ती आतून ठाऊक होती. दिवाळी सरली की आमच्या झाडीपट्टीत मंडई सुरू होते, एकेका गावाचा एकेक दिवस. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत मग होळीपर्यंत रात्री नाटकाच्याच. वडशात नाटक मंडळ्यांची बिऱ्हाडं. गावचं मंडळ तिथे जाऊन नाटक ठरवून येतं. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो तो तांबडं फुटेस्तोवर. ऑर्गन, तबला, मधूनच नाच, गाणं आवडलं की वन्समोर, बक्षिसाचे पैसे आणि देणाऱ्याचं नाव माईकवरून. याच रंगभूमीवर जन्म घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याकडे घरचा माणूस सत्काराला गेल्यासारखं वाटलं होतं. आणि नाटकाच्याही आधीची दंडार, खडी गंमत आजीनं पाहिलेली, जिथे बाईचं सोंग पुरुषच घ्यायचे. लुगडं नेसलेला पुरुष, विसरलेला पार्ट, भलत्या वेळी आत घुसलेलं पात्र, रेटून नेलेला प्रवेश, हे तिनं शेकडो रात्री पाहिलेलं होतं. लाखांदूरनं सांगितलेला तो वन्समोर मी सांगितला तेव्हा तर ती गुडघ्यावर थाप मारून हसली. मग डोळ्याला पदर लावून म्हणाली, “मेल्यावर बी पार्ट केलन बिचाऱ्यानं!”

डिमेलोबद्दल इतक्या मायेनं बोललेलं मी कुठेच वाचलेलं नाही. लाच खाणारा साहेब, पण तिच्या लेखी तो आधी एक नट होता.

पुढे सतत तेच होत गेलं. आम्ही आणलेल्या गोष्टींची शिदोरी गाडीत खाल्ली जायची आणि गावात आल्यावर तिची चव बदलायची. गाण्यांचं सांगतो. मी ग्रेसच्या नादी लागलो होतो. माणिक सीताराम गोडघाटे, आमच्या नागपूरचे. ‘संध्याकाळच्या कविता’ १९६७ चा. ‘निवडुंग’ सिनेमात हृदयनाथ मंगेशकरांनी त्यांच्या कवितांना चाली लावल्या, ती गाणी माझ्या मोबाईलच्या दोन जीबीच्या कार्डात होती. लाखांदूरच्या कार्डात वामनदादा कर्डक होते. सिन्नरजवळच्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेला हा माणूस मोठेपणी अक्षर शिकला आणि त्यानं हजारो गाणी लिहिली. लाखांदूरच्या घरी दर वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जायचं आणि येताना भीमगीतांची नवी कॅसेट, पुढे सीडी, घेऊन यायची असा रिवाज होता. त्यातली काही गाणी त्यानं भरून आणलेली. ब्लूटूथवरून एक गाणं जायला चार-पाच मिनिटं लागायची. दोन मोबाईल सीटवर डोक्याला डोकं लावून निजलेले आणि आम्ही दोघं वर वाकून पाहतो आहोत, टक्के किती झाले. तेवढ्या वेळात तो मला सांगायचा की हे गाणं त्याच्या बापानं रात्री धानाच्या राखणीला जाताना कसं म्हटलं होतं. ते ऐकल्यावर गाणं पोचायच्या आधीच माझं झालेलं असायचं. इयरफोनची एक गोळी त्याच्या कानात, एक माझ्या, ग्रेसच्या गाण्यावर तो बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला, “अर्थ नाही समजून रायला, पन सोडून नाही रायला.” ग्रेसविषयी याहून खरं मला तरी लिहिता आलं नसतं. २६ मार्च २०१२ ला ग्रेस गेले ते पुण्यात. आम्ही तेव्हा तिथेच होतो. आपल्या वाटेचं माणूस उलट्या बाजूला येऊन थांबलं, असं मला त्या दिवशी वाटत राहिलं.

‘कोसला’ तुमसरनं आणली होती. १९६३ ची कादंबरी, नेमाडे तेव्हा पंचविशीचे. पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला शिकायला येतो आणि शेवटी गावी परत जातो. आम्ही ती आळीपाळीनं वाचायचो, एकानं मोठ्यानं आणि बाकीच्यांनी ऐकत. भुसावळच्या आसपास केळीच्या बागा दिसायला लागल्या की पुस्तक खाली ठेवावं लागायचं, कारण सांगवीकराचा मुलूखच खिडकीत आलेला असायचा. परत जाणाऱ्या माणसाची गोष्ट परत जाणाऱ्या गाडीत वाचताना जे होतं ते खोलीत बसून होत नाही. आमच्यातला प्रत्येकजण मनातून घाबरलेला होता. शिक्षण संपल्यावर गावाकडे आलो तर हरलो असं होईल का, हा प्रश्न कुणी उघड बोलायचं नाही. ‘कोसला’च्या आडून बोलायचं. त्या प्रतीच्या पहिल्या पानावर आम्ही चौघांनी आपापली गावं लिहिली आहेत. पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये उत्खनन झालं, तिथल्या स्तूपाच्या दगडी कठड्यांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मीत कोरलेली सापडली. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी एक खांब दिला आणि खाली नाव घातलं. आमचं पान पाहिलं की मला ते आठवतं. प्रत तुमसरकडे आहे आणि तिनं ती जपली आहे.

साकोलीनं एकदा ‘ओम-दर-ब-दर’ आणला. कमल स्वरूप यांचा, १९८८ चा; कितीतरी वर्षं तो नुसता नकला करकरून हातोहात फिरला आणि चित्रपटगृहांत लागला तो थेट जानेवारी २०१४ मध्ये. आम्ही पूर्ण पाहिला. आम्हाला कुणालाच तो दुसऱ्याला सांगता येईना. आजीपुढे बसलो आणि बेडूक, हिरे असं काहीतरी बोलू लागलो, तिनं नेहमीसारखं विचारलं, “मंग काय झाला?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती म्हणाली, “सपन पडला असन कोनाला.” झालं, तिनं तो सिनेमा एका वाक्यात जागेवर नेऊन ठेवला.

आज आमच्या चौघांचा एक गट मोबाईलवर आहे. लाखांदूर गावाकडेच शिक्षक आहे, बाकी आम्ही पांगलो. कुणी ना कुणी रोज काहीतरी पाठवतं. जगातला हवा तो सिनेमा, हवं ते गाणं बोटाच्या टोकावर आहे, आणि आम्ही एकमेकांनी पाठवलेलं उघडत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं. वेळ नाही हे कारण खरं नाही. वीस तासांच्या गाडीत आम्हाला एकमेकांना सोडून जायला जागा नव्हती. बॅटरी संपली म्हणून सिनेमा सांगावा लागला. गाणं पोचायला वेळ लागला म्हणून त्याच्यामागचा बाप कळला. आता सगळं पोचतं, सांगणारा मात्र सोबत येत नाही. मी नव्या सोयींच्या विरुद्ध नाही, त्याच सोयींमुळे आसगावातल्या पोराला आज घरबसल्या जे दिसतं ते मला पंचविशीपर्यंत दिसलं नव्हतं. पण पाठवताना चार ओळी तरी सोबत लिहाव्यात, नाहीतर फोन करावा, एवढं मी आता ठरवून करतो. लाखांदूरनंही त्या दिवशी बातमीचा दुवा पाठवला नाही, फोन केला.

एक गोष्ट राहिली. २०१२ मध्ये ‘जाने भी दो यारों’ची नवी प्रत पडद्यावर आली, तेव्हा मी तो पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला. नाटकाचा प्रवेश सुरू झाला तसा मी खुर्चीत पुढे सरकलो. कौरव आले, पांडव आले, द्रौपदीची ओढाताण झाली. मी वन्समोरची वाट पाहत होतो. तो आलाच नाही. सिनेमात तो नाहीच. लाखांदूरनं तो आपल्या पदरचा घातला होता, बडनेरा आणि वर्ध्याच्या मध्ये, न ठरवता. झाडीपट्टीचा माणूस नाटक सांगतो आहे आणि त्यात वन्समोर नाही, हे त्याला सुचणंच शक्य नव्हतं. थिएटरातून बाहेर येऊन मी त्याला फोन केला. तो आधी मानेचना. “असनच. तू झोपला असशीन.” मग बराच वेळ गप्प बसला आणि विचारलं, “आजीले सांगितलास का आता?” मी नव्हतं सांगितलं. पुढेही सांगितलं नाही.

परवा मंडईच्या रात्री भाच्याला घेऊन नाटकाला गेलो. तो अकरा वर्षांचा, पुण्यात वाढलेला, झाडीपट्टीचं नाटक पहिल्यांदाच पाहणार. मांडव भरायचा होता, आतून ऑर्गनवर कुणी सूर धरून पाहत होतं, आयाबाया सतरंज्या पसरून जागा धरत होत्या. थंडी होती, मी शाल त्याच्याभोवती गुंडाळली. त्यानं विचारलं, “मामा, आजीचा डिमेलो म्हणजे कोण?” पडदा उघडायला अजून वेळ होता. मी सांगायला लागलो. दोन फोटोग्राफर, पूल, साहेबाचा खून, पेटी. पुढच्या सतरंजीवरच्या एक आजीबाई मान वळवून ऐकू लागल्या. प्रेत रंगमंचावर आलं, लुगडं नेसलं, दुःशासन पुढे सरसावला.

“मग काय झालं?” भाचा म्हणाला.

“मग,” मी म्हणालो, “पब्लिकमधून आला वन्समोर.”